विषुववृत्तावरचे पेंग्विन

विषुववृत्ताजवळ पेंग्विन! ऐकून हसू येते ना? पण इक्वेडोरच्या गालापागोस द्वीपसमूहात, बार्टोलोमे बेटाशी, मी ते पाण्यात उतरून पाहिले. डोळ्यांवर काच, तोंडात श्वासनळी. आणि शेजारून सुळ्ळकन निघून गेलेला तो चिमुकला काळा-पांढरा गृहस्थ! खोलातून वर येणाऱ्या थंड पाण्यावर त्यांचा संसार चालतो. १९८२-८३ च्या एल निनोत पाणी तापले, मासळी आटली आणि सुमारे तीन-चतुर्थांश पेंग्विन नाहीसे झाले. समुद्राचे तापणे आमच्या वाटाड्याच्या हाती नाही. माणसांचा उपद्रव रोखणे तेवढे आहे. त्याचा दंडक एकच : प्राण्यांपासून दोन मीटर दूर! समुद्रसिंहाच्या एका पिल्लाला मात्र तो ठाऊक नव्हता. ते थेट माझ्या नाकाशी आले. माणसाचे भय त्याला अजून कुणी शिकवलेले नाही. ते न शिकवणे, एवढेच पाहुण्याचे काम!