डाग दिसतो एकीकडे, पाणी शिरते दुसरीकडे

ब्रिटनमध्ये थंडी ओसरली की रस्त्यांवर चाकांवरची घरे दिसू लागतात. तिथे त्यांना मोटरहोम म्हणतात. पुढे व्हॅनसारखी ड्रायव्हरची केबिन आणि मागे एक छोटेसे बिऱ्हाड: बिछाना, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, नळ, संडास आणि दिवे. नवी गाडी फार महाग, म्हणून साधी माणसे वीस-पंचवीस वर्षे वापरलेली गाडी घेतात. अशा जुन्या गाडीचे दोन आजार ठरलेले असतात. एक म्हणजे पाणी झिरपणे आणि दुसरा म्हणजे दिव्यांनी दगा देणे.

आमचे भाईजान १९८० च्या दशकात रत्नागिरीहून बर्मिंगहॅमला गेले. आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर १९९८ सालची एक मोटरहोम घेतली. आम्ही दोघे मियाँ-बीवी. आमच्यापैकी एक उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते, दुसरा आयटीआय झालेला वायरमन. एकाची आयटीआयची फी आणि निकाहनंतर दुसरीची बी.एड.ची फी भाईजानच्या कमाईतून भरली गेली. परत देण्याचा विषय काढला की ते हात झटकत. २०२३ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, आम्ही अम्मीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. अम्मीचे वय ऐंशीच्या पुढे. तिला दोन रात्री वेल्सच्या किनाऱ्यावर, बारमथला न्यायचे भाईजानच्या मनात होते. बिछाना आणि संडास सोबत असल्यामुळे तिला त्या गाडीतूनच प्रवास झेपणार होता.

पण गाडीची अवस्था बिकट होती. मागच्या डाव्या खिडकीखालची भिंत दाबली की बोट आत जात होते. सिंकखाली लादी ओली. डावा इंडिकेटर लावला की टेल लॅम्पही त्याच्याबरोबर लुकलुकायचा. छताजवळचा छोटा लाल दिवा तर पूर्ण बंद. तिथे तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी पास व्हावी लागते आणि त्यात दिवे बघतातच. तपासणीची तारीख दोन आठवड्यांवर होती. एका वर्कशॉपने दुरुस्तीचा आकडा असा सांगितला, की भाभी म्हणाल्या, “विकून टाका. ही गाडी कसली, पाण्याची टाकी आहे.” भाईजान काही बोलले नाहीत.

आम्ही म्हणालो, “भाईजान, आठ दिवस द्या. आधी दुखणे कुठे आहे ते शोधू, मग विकायचे की ठेवायचे ते तुम्ही ठरवा.”

या गाडीची बांधणी समजली की अर्धे काम होते. मागच्या घराचा सांगाडा लाकडी रिपांचा असतो. बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून प्लायवूड आणि मध्ये थंडी अडवायला फोम. दोन पत्रे जिथे मिळतात तो सांधा ॲल्युमिनियमच्या पट्टीने झाकतात. पट्टी स्क्रूने बसवलेली असते आणि तिच्याखाली मॅस्टिक असते, म्हणजे पुट्टीसारखा पण मऊ राहणारा चिकट पदार्थ. वीस-पंचवीस वर्षांनी हे मॅस्टिक सुकते, त्याला भेगा पडतात आणि स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरते. आत शिरलेले पाणी तिथल्या तिथे टपकत नाही. लाकडाच्या कडेने वाहत ते दुसरीकडेच बाहेर पडते. कोकणातल्या कौलारू घरात राहिलेल्यांना हे नवे नाही. फुटके कौल एका ठिकाणी असते, पाणी वाशावरून घरंगळत जाते आणि बादली ठेवावी लागते भलतीकडे.

गाडीच्या आधीच्या मालकाने मात्र खिडकीखाली डाग दिसला म्हणून खिडकीभोवतीच सिलिकॉनचे थरावर थर चढवले होते. आमचा पुतण्या कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, “चाचा, अजून एक ट्यूब आणू का? दहा मिनिटांचं काम आहे.” त्याला म्हटले, “आधी मोजू या.”

ओल मोजायचे एक छोटे यंत्र मिळते. त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवल्या की आकडा येतो. ढोबळ हिशेब असा, की १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही, २० च्या पुढे शोध घ्यायचा आणि ३० च्या पुढे लाकूड सडत असल्याचा संशय धरायचा. आम्ही वहीत गाडीच्या चारही भिंतींचा नकाशा काढला आणि वीतभर अंतरावर आकडे लिहीत गेलो. उजवी भिंत १२ ते १४. डाव्या खिडकीखाली २९. खिडकीच्या वर कमी होईल असे पुतण्याला वाटत होते, पण तिथे ३१ निघाले आणि छताच्या कोपऱ्यात ३६. म्हणजे पाणी खिडकीतून येतच नव्हते, ते वरून उतरत होते.

मग बाहेरून पाण्याची चाचणी घेतली. ती घेताना नळी खालून वर न्यायची. सुरुवातीलाच छतावर पाणी सोडले तर ते सगळ्या सांध्यांवरून वाहते आणि कुठून शिरले ते कळत नाही. म्हणून आधी खालचा सांधा दहा मिनिटे, मग खिडकी, मग वरची पट्टी. पाणी हलक्या धारेनेच सोडायचे, कारण जोराच्या फवाऱ्याने चांगल्या सांध्यातूनही पाणी घुसू शकते. आत एकाने बॅटरी घेऊन बसायचे. खिडकीवर पाणी पडले तेव्हा आत सगळे कोरडे होते. छताजवळच्या त्या बंद लाल दिव्यावर धार पडली आणि दोन-तीन मिनिटांत आतून हाक आली, “चाची, आलं! वायरवरून आलं!”

दिव्याच्या खालचे रबर फुटले होते. पाणी दिव्यात साचत होते, वायरच्या भोकातून भिंतीत शिरत होते आणि वायरवरूनच खाली उतरून खिडकीच्या चौकटीवर अडत होते. दिव्याचा होल्डर गंजून हिरवा पडला होता. दिवा बंद पडणे आणि भिंत सडणे ही दोन दुखणी वर्षानुवर्षे वेगवेगळी समजली गेली, पण दोन्हींचे मूळ त्या एका फाटक्या रबरात होते.

रत्नागिरीत खांबावरून घरात वायर आणताना वायरमन भिंतीजवळ तिला खाली झोल देतो. पावसाचे पाणी त्या झोलाच्या तळाशी येऊन टपकते आणि वायरबरोबर घरात जात नाही. नवा दिवा बसवताना आम्ही भिंतीच्या आत वायरला तसाच झोल दिला. मुख्य काम अर्थात नव्या रबराचे आणि भोकाभोवतीच्या मॅस्टिकचे. झोल म्हणजे खबरदारी.

त्यानंतरचे काम मेहनतीचे. कोपऱ्याची पट्टी काढली. सुकलेले मॅस्टिक प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडले, कारण लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे येतात. सगळ्यात त्रास सिलिकॉनने दिला. त्याचा पातळ थर जरी राहिला तरी त्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही. शिवाय वरून सिलिकॉन फासल्यामुळे आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायची वाटही उरली नव्हती. आतले प्लायवूड कापून काढले तर आतली रीप भिजलेल्या बिस्किटासारखी हातात आली. सडलेला भाग पक्के लाकूड लागेपर्यंत कापला. बाकीचे लाकूड वाळवायला ओल शोषून घेणारे यंत्र, डीह्युमिडिफायर, रात्रंदिवस चालवले. इथे सब्र लागतो. ओल्या लाकडावर नवे प्लायवूड ठोकले तर भिंत बाहेरून सुंदर दिसते आणि आतून सडत राहते. आकडा १६ वर आला तेव्हाच नवी रीप बसवली, मऊ मॅस्टिकची टेप लावली आणि स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने पट्टी परत जोडली.

सिंकखालचे पाणी पावसाचे नव्हते. कसे ओळखले? टाकीतले पाणी नळाला देणारा पंप नळ उघडला की चालू होतो आणि बंद केला की थांबतो. आम्ही सगळे नळ बंद करून शांत बसलो. दर चार-पाच मिनिटांनी पंप घुर्र करून उठत होता. नळ बंद असताना पंपाला उठावे लागते याचा अर्थ पाइपातला दाब कुठेतरी कमी होतो आहे. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळला. एक कागद ओला झाला आणि तिथे पाइपाला केसाएवढी चीर सापडली. हे थंडीचे काम. पाइपात राहिलेले पाणी गोठले की फुगते आणि प्लॅस्टिक फाटते. म्हणून तिथे थंडीपूर्वी टाकी, हीटर आणि पाइप पूर्ण रिकामे करून नळ उघडे ठेवतात. वीतभर पाइप आणि दोन क्लिप एवढ्यावर काम भागले.

राहिला तो नाचणारा टेल लॅम्प. बल्ब दोनदा बदलून झाला होता. एक दिवा लावल्यावर भलताच दिवा लुकलुकतो तेव्हा वायरमन आधी अर्थ तपासतो. गाडीत बॅटरीकडून एक वायर करंट आणते आणि परतीचा रस्ता सहसा गाडीच्या लोखंडातून असतो. इथे मागचे घरच लाकडाचे, म्हणून सगळ्या मागच्या दिव्यांची परतीची एक वायर खाली चासिसला बोल्टने जोडलेली होती. बर्फाच्या दिवसांत तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने बोल्टखालचे लग गंजून गेले होते. परतीचा रस्ता बंद झाला की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून तो भलताच दिवा लुकलुकतो. मल्टिमीटरची एक पिन दिव्याच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून इंडिकेटर चालू केला. काटा जवळपास शून्यावर राहायला हवा होता, पण तिथे तीन व्होल्टहून जास्त दिसले. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, बोल्ट पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला, नवे लग लावले आणि वरून ग्रीस फासले. इंडिकेटर ठीक चालू लागला. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणे हा तिथला नियम आहे. पुतण्याने घड्याळ लावून मोजले, ८४ भरले.

आतल्या दिव्यांच्या फ्यूजच्या जागी १० अँपिअरऐवजी २० अँपिअरचा फ्यूज घातलेला सापडला. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण बॅटरीत वायर जाळण्याइतकी ताकद असते. फ्यूज वारंवार उडत असेल तर कारण शोधायचे, मोठा फ्यूज घालायचा नाही. गॅसच्या पाइपाला आणि २३० व्होल्टच्या जोडणीला आम्ही हात लावला नाही. त्या कामाला तिथला अधिकृत माणूस बोलावला.

सामान, यंत्राचे भाडे आणि त्या माणसाची मजुरी धरून खर्च वर्कशॉपच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला. आठ दिवसांचे तेरा झाले. एमओटी पास झाली, अल्हम्दुलिल्लाह. भाभींनी स्वतः पडदे धुऊन लावले, तेव्हा विकण्याचा विषय संपल्याचे आम्हाला समजले. बारमथला पहिल्या रात्री पावसाने झोडपले. अम्मी त्याच डाव्या भिंतीला टेकून झोपली. पहाटे वुजूला नळ सोडला, बंद केला आणि पंप गप्प राहिला. भाईजान भिंतीवर तळहात फिरवत म्हणाले, “कोरडी आहे रे.” सामानाचे पैसे त्यांनीच दिले होते. मजुरीचे मात्र त्यांनी या वेळी विचारले नाही, आणि आम्हाला तेच हवे होते.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात अशी गाडी असेल. पण भिंतीवरची ओल आणि मिणमिणता दिवा कुठल्या घरात नाही? रंग देण्यापूर्वी वर गच्चीवर पन्हळ, सांधे आणि पाइपाची भोके बघा. बल्ब तिसऱ्यांदा बदलण्यापूर्वी जाणकार वायरमनकडून न्यूट्रलचा जोड तपासून घ्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तीच भिंत, तीच जागा पाहा आणि तारीख घालून वहीत लिहा. आमच्या पुतण्याने ती वही पुढे चालू ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो आकडे पाठवतो. नोव्हेंबरात टाकी रिकामी करून त्याने शेवटचे कळवले: डावा कोपरा, १४.