सत्तावीस आवर्तने आणि दुसरा मायक्रोफोन

जॅझविषयी मराठीत लिहायला बसले की पहिली अडचण परिभाषेची. ‘बिग बँड’ला वाद्यवृंद म्हणावे तर डोळ्यांपुढे गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा उभा राहतो, ‘कोरस’ला समूहगान म्हणावे तर अर्थच पालटतो. कोरससाठी येथे आम्ही ‘आवर्तन’ हा आपल्या संगीतातला शब्द वापरणार आहोत. ब्लूजचे एक आवर्तन सामान्यतः बारा बारांचे, म्हणजे ४८ मात्रांचे असते. एवढ्या भांडवलावर पुढचे समजायला हरकत नसावी.

७ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ड्यूक एलिंग्टनचा बिग बँड वाजवीत होता. मध्यरात्र उलटत होती. बिग बँडचे युग सरल्याचे तेव्हा सर्वत्र बोलले जात होते आणि एलिंग्टनचे नावही मागे पडू लागले होते. अशा वेळी त्याने ‘डिमिन्यूएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ ही १९३७ सालची जुनी रचना काढली. रचना दोन तुकड्यांची: पहिला आवाज ओसरत नेणारा, दुसरा चढवत नेणारा. पूर्वी हे दोन तुकडे ७८ गतीच्या तबकडीच्या दोन बाजूंवर ध्वनिमुद्रित झाले होते. सलग वाजवताना मधली जागा मोकळी उरे, आणि ती भरण्याचे काम त्या रात्री टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विसकडे होते. (गोन्साल्विस म्हटले की मराठी वाचकाचे मन गोव्याकडे धावणार, परंतु पॉलचे घराणे आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्डे बेटांचे. पोर्तुगीजांनी नावे मात्र दोन्हीकडे तीच वाटली.)

पॉलने सलग २७ आवर्तने वाजवली. सहा मिनिटांहून अधिक काळ बँडमधले बहुतेक वादक वाद्ये मांडीवर घेऊन बसून होते. साथीला ड्रम, बास आणि अधूनमधून एलिंग्टनचा पियानो. प्रेक्षकांत काळ्या पोशाखातली एक स्त्री उठून नाचू लागली. मंचालगत बसलेला ड्रमवादक जो जोन्स वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून ठेका देऊ लागला. गलका वाढत गेला. त्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका एलिंग्टनच्या सर्व ध्वनिमुद्रिकांत अधिक खपली, ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. आपला जन्म १९५६ साली न्यूपोर्टला झाला, असे तो पुढे सांगत असे.

आता गंमत पाहा. ध्वनिमुद्रण कोलंबिया कंपनी करीत होती. परंतु मंचावर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीचाही मायक्रोफोन होता, आणि पॉल उभा राहिला तो या दुसऱ्या मायक्रोफोनपुढे. परिणामी १९५६ च्या ध्वनिमुद्रिकेत ज्याच्यासाठी ती विकत घ्यायची तोच दूर कोठेतरी वाजवतो आहे. जवळ आहेत ते ड्रम, आरोळ्या आणि टाळ्या. शिवाय कार्यक्रमातले काही भाग मनासारखे न झाल्याने ९ जुलैला स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चढवून, न्यूपोर्टचे म्हणूनच दिले गेले. नभोवाणीची फीत अनेक वर्षांनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, आणि १९९९ मध्ये फिल शॅप यांनी दोन्ही फिती जुळवून संपूर्ण कार्यक्रम स्टिरिओत प्रसिद्ध केला.

आम्हां साहित्य शिकवणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटावा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यातली संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. शॅप यांचा स्टिरिओ तसाच आहे. एका कानात एक मायक्रोफोन, दुसऱ्या कानात दुसरा: न्यूपोर्टच्या मैदानात ही रात्र अशी ऐकू येईल अशा जागी कोणीही बसलेले नव्हते. मग अधिक खरे कोणते? दुरून, गलक्यातून ऐकू येणारा पॉल हाच मागच्या रांगेतल्या श्रोत्याचा अनुभव होता, असे कोणी म्हटल्यास त्यात तथ्य आहे.

आमच्या घरी एका खाजगी मैफलीची कॅसेट होती, हातोहात फिरून आलेली. टेपरेकॉर्डर बहुधा एखाद्या उत्साही रसिकाच्या मांडीशी ठेवलेला असावा, कारण तिच्यात गायिकेपेक्षा ‘क्या बात है’ मोठे होते. ती ऐकताना दाद आधी पोहोचे, आणि दाद कशाला मिळाली हे आम्ही नंतर शोधत बसायचो. १९५६ ची ध्वनिमुद्रिका नेमके हेच करते. या सोलोला संगीताऐवजी गर्दीचा उन्माद मानणारे समीक्षक आहेत. त्या ध्वनिमुद्रिकेवर विसंबले तर त्यांना खोडून काढणे अवघड जाते.

जवळची फीत मात्र निराळा माणूस समोर आणते. पॉलचा सूर धुरकट आहे, स्वरात श्वास मिसळलेला आहे. उंच स्वरात किंचाळून टाळ्या घेण्याची सोय सॅक्सोफोनवर सहज उपलब्ध असते. हा गृहस्थ बहुतेक वेळ मधल्या पट्टीतच वावरतो. एक लहानसा वाक्यांश उचलतो, उलटासुलटा करून पाहतो, मोडतो, पुढच्या आवर्तनात त्याचे शेपूट धरून निघतो. समोर दंगा होण्याची भीती आयोजकांना वाटू लागलेली असताना तो हिशेबाने वागतो आहे. हा संयम दुरून ऐकूच येत नव्हता. म्हणून, कृत्रिम असली तरी, १९९९ ची संहिता आम्हांला अधिक मोलाची वाटते. तिने रसिकांचा आवाज पुसलेला नाही. तो कशामुळे उठला हे तेवढे शेजारी आणून ठेवले.

आणखी एक गोष्ट तिच्यातच नीट उमगते. सत्ताविसावे आवर्तन संपते, एलिंग्टन पियानोवर थोडे वाजवतो आणि तोवर गप्प असलेला बँड दुसरा, लिहिलेला तुकडा सुरू करतो. रचनेच्या नियमाप्रमाणे त्याला हळूच सुरुवात करून चढत जायचे असते; परंतु पॉलने आधीच इतकी उंची गाठून ठेवली आहे की १९३७ साली कागदावर उतरवलेले ते हळू स्वर त्या गर्दीपुढे क्षणभर अवघडल्यासारखे उभे राहतात, आणि मग एकेक वाद्य त्यांना हात देत जाते.