सुपेल्याचा उतार

भिलाईतल्या सुपेल्यात लहानाचा मोठा झालेल्या कुणालाही जवळचा चढ विचारला, तर तो रेल्वेचा भराव दाखवतो. जी. ई. रोड सरळ, रूळ सरळ, रुळांपलीकडे पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सेक्टरांतले रस्ते काटकोनात आखलेले. समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटर उंचीवरचं हे छत्तीसगडचं मैदान. पश्चिमेला शिवनाथ, पूर्वेला खारून, आणि मधल्या जमिनीत डोळ्यांना उतार म्हणून काही सापडतच नाही.

त्यामुळे भूगोल शिकायला मी महाराष्ट्रात गेलो, तेव्हा मला थोडं पोरकं वाटायचं. मराठी भूरूपशास्त्राचं मन बेसाल्टवर जडलेलं. पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, घाटाचे कडे, कोकणातली जांभ्याची सडे-पठारं, हे सगळं फळ्यावर सुंदर उतरायचं. माझ्या गावाखाली मात्र चुनखडी आणि शेल होते, दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुने, झिजून सपाट झालेले. त्या सपाटीबद्दल पुस्तकात दोन ओळी असायच्या.

मग 64 जी/8 हाती आला. 1:50,000 प्रमाणाचा, दुर्ग-भिलाईचा टोपोशीट. त्या वेळी काम कसं चालायचं, ते आजच्या विद्यार्थ्यांना सांगताना मला अजून हुरूप येतो. टेबलावर काच, काचेखाली दिवा, वर टोपोशीट, त्यावर ट्रेसिंग पेपर. नाले निळ्या शाईनं गिरवायचे. स्ट्रॅलरच्या पद्धतीनं त्यांना श्रेणी द्यायची: दोन पहिल्या श्रेणीचे नाले मिळाले की दुसरी, दोन दुसऱ्या मिळाल्या की तिसरी. लांबी रोटामीटरनं, तो नसेल तर दोरा वळणावळणांवर बसवून. खोऱ्याचं क्षेत्रफळ प्लॅनिमीटरनं, नाहीतर आलेख कागदाचे चौकोन मोजून. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर फुगायचा आणि मापं हलायची. हवाई छायाचित्रं हवी असतील, तर संरक्षण खात्याची परवानगी लागायची. ती मिळालीच, तर स्टिरिओस्कोपखाली जमीन एकदम उठून उभी राहायची.

पण सपाट जागी टोपोशीट गप्पच बसतो. दोन समोच्च रेषांच्या मधे गावंच्या गावं बसतात, आणि तिथे काय आहे ते नकाशा सांगत नाही. ते मला शेतकऱ्यांनी सांगितलं. उंचवट्यावर भाठा, तांबडी मुरमाड जमीन, पाणी न धरणारी. त्याखाली मटासी, पिवळसर. त्याच्याही खाली डोरसा, आणि तळाशी कन्हार, काळी, चिकण. चार मातींची चार नावं म्हणजे वरून खालपर्यंतचा उतारच. बांधाबांधावरून चालत मी ही नावं ट्रेसिंगवर लिहीत गेलो, आणि पांढऱ्या कागदावर हळूहळू जलविभाजक उमटले. आयुष्यात केलेल्या कामांपैकी हे मला सर्वांत प्रिय आहे.

आज हेच काम घरबसल्या होतं. फेब्रुवारी 2000मध्ये एंडेव्हर अवकाशयानानं अकरा दिवसांत रडारनं जगाचा बहुतेक भूभाग मोजला. 2005मध्ये कार्टोसॅट-1 गेला. त्याच्या जोडचित्रांवरून केलेलं भारताचं उंचीचं प्रतिमान इस्रोच्या भुवन पोर्टलवर मिळतं. पूर्वी महिनोन्‌महिने चालणारी नाल्यांची श्रेणी संगणक चहा संपायच्या आत लावून देतो. विश्वास काळे आणि अविजित गुप्ता यांचं भूरूपशास्त्राचं इंग्रजी पाठ्यपुस्तक, श्रीकांत कार्लेकरांचं मराठीतलं लेखन, क्यूजीआयएससारखं नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर, हे सगळं आता लहान गावातल्या मुलीच्याही हाताशी आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. मला हे विसाव्या वर्षी मिळायला हवं होतं, असं मनापासून वाटतं.

सुपेल्याच्या सपाटीवर मात्र अशा उंचीच्या प्रतिमानांचीही परीक्षा होते. रडारच्या मोहिमेनं उंचीतली चूक 16 मीटरच्या आत ठेवायची ठरवली होती. प्रत्यक्षात ती बहुतेक ठिकाणी बरीच कमी निघाली, तरी इथला सगळा उतारच काही मीटरांचा. रडारला झाडाचा शेंडा आणि इमारतीचं छप्परही जमीनच वाटतं, म्हणून टाउनशिपची दाट झाडी टेकाडासारखी दिसते. संगणक प्रत्येक चौकटीतलं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी ज्याच्याकडे उतार सर्वांत तीव्र, त्याच्याकडे पाठवतो. सगळे शेजारी सारखेच असले, की नकाशावर समांतर, सरळसोट, खोटे नाले उमटतात. रेल्वेचा भराव धरणासारखा पाणी अडवतो, कारण त्याखालची मोरी वरून दिसत नाही. आणि पाणी वाहतं राहावं म्हणून खळगे आधी भरून घेतले, तर गावोगावचे तलाव आणि नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीही बुजतात. कोणता खळगा खरा आहे हे दर वेळी आपल्यालाच सांगावं लागतं.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत करार 1955चा, पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959ला सुरू झाली. उंची मोजणारी यानं आणि उपग्रह आले तोवर इथली जमीन चार दशकं खणून, भरून, सपाट करून झाली होती. मूळ भिलाई गावाचा उतार कोणत्याही अंकीय प्रतिमानात नाही, तो असलाच तर कारखान्याआधीच्या, मैलाला एक इंच प्रमाणाच्या नकाशांवर. म्हणून हल्ली मी उलट्या दिशेनं काम करतो. जुने नकाशे स्कॅन करतो, त्यांच्या समोच्च रेषा पडद्यावर पुन्हा गिरवतो, आणि त्यांवर आजची उंची ठेवून पाहतो. दोन-तीन मीटरचा फरक आला, तर तो खरा मानत नाही, कारण तो मोजमापातल्या चुकीच्या मर्यादेत जातो. खाण किंवा धातुमळीचा डोंगर मात्र स्वच्छ वेगळा दिसतो.

महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत जुने टोपोशीट आणि विद्यार्थ्यांची ट्रेसिंग्ज कपाटांत पडून आहेत. जागा करायला ती रद्दीत घालण्याआधी स्कॅन करावीत, ही माझी कळकळीची विनंती. नकाशाचे चारही कोपरे, अक्षांश-रेखांशांचे आकडे आणि समासातला मजकूर कापू नये. कारण जुना नकाशा एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या प्रतिमानावर, मोजलेला आहे आणि आजची माहिती डब्ल्यूजीएस 84वर. ते आधी जुळवून घेतलं नाही, तर सगळं गाव 100 मीटरहून जास्त सरकतं, आणि नाला कुणाच्या तरी घरातून वाहू लागतो.