माणिकबाग ते पीथमपूर

ग्वाल्हेरच्या माणसाने इंदुरास जावे ते थोडे संकोचानेच. शिंदे-होळकरांची जुनी तेढ आता इतिहासाच्या पुस्तकात उरली असली, तरी इंदूरकर मंडळी पोह्यांची बशी पुढे करताना तिची आठवण करून देण्यास चुकत नाहीत. काही वर्षांपूर्वी हिवाळा सरता सरता मी रात्रीच्या गाडीने इंदुरास गेलो, तो मात्र निराळ्याच कामगिरीवर. माझा भाचा तेथे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत होता. सहामाहीत त्याचे दोन विषय राहिले होते आणि त्याचे कारण ‘ती गाडी’ असल्याचे घरी कळले होते. “त्याला समज द्या आणि ते खूळ सोडवून या,” असे भावोजींनी मला बजावून पाठविले होते.

दुपारपर्यंत भाचा मोकळा होणार नव्हता, म्हणून मी माणिकबागेच्या वाटेस लागलो. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांत एकार्ट मुथेसिऊस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून हा प्रासाद सजवून घेतला. आता तेथे केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे. महाराजांना मोटारींचा मोठा षौक. त्यांच्या संग्रहातील काळ्या-नारिंगी रंगाची ड्यूसेनबर्ग जगभरच्या मोटारवेड्यांना ठाऊक आहे. यंत्र आणि सांगाडा अमेरिकेचा, वरची देखणी काया लंडनच्या गर्नी नटिंग यांची. एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येकास चार व्हॉल्व्ह, आणि हवा दाबून आत ढकलणारा सुपरचार्जर. त्याच्या जोरावर ३२० अश्वशक्ती मिळते, असे कारखान्याचे म्हणणे होते. पुढे ती मोटार अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली.

या मोटारीची जन्मकथा मला अधिक मोलाची वाटते. फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे बंधू जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातले. यंत्रविद्येची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. फ्रेडने आरंभ केला तो सायकलींपासून. स्वतःच्या हातांनी शिकत गेलेल्या या भावांच्या मोटारीने १९२१ साली फ्रान्समधील ग्रां प्री जिंकली, आणि इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत १९२४, १९२५ व १९२७ साली त्यांच्याच मोटारींनी मारली. १९३२ साली स्वतःच्याच बनावटीची मोटार चालवीत असता फ्रेडला अपघात झाला आणि त्यातच तो गेला. १९३७ साली कारखानाही मिटला. महाराजांनी जिच्यासाठी पैसा मोजला, तिच्यामागे असे हात होते.

दुपारी भाच्याच्या शेडमध्ये पाऊल ठेवले तेव्हा हा विचार डोक्यात घोळत होता. पत्र्याखाली पंधरावीस मुले, तेलाने माखलेली. मध्यभागी नळ्या जोडून केलेला उघडा सांगाडा, एकाच चालकाची बैठक आणि मागे एका सिलिंडरचे, दहाएक अश्वशक्तीचे यंत्र. “मामा, एवढंच?” असा माझा चेहरा पाहून भाचा हसला. ‘बाजा’ स्पर्धेचा नियमच तसा, असे त्याने सांगितले. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेली ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २००७ साली भारतात आली ती इंदुराजवळच्या पीथमपुरात. यंत्र सर्वांना एकसारखेच, त्याची शक्ती वाढविण्यास मनाई. सांगाडा, गतिबदल, स्प्रिंगा, ब्रेक हे सारे मुलांनी स्वतः आखायचे आणि जोडायचे.

“मग तुमची गाडी दुसऱ्याच्या पुढे जाणार कशी?” मी विचारले.

“वजन कमी करून, मामा. आणि यंत्र नीट राखून.”

त्याने यंत्र थंड असल्याची खात्री केली, चाक हाताने फिरवून पिस्टन दाबाच्या फेऱ्यात अगदी वर आणला, आणि व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी पोलादाची पातळ पट्टी सरकवली. तेथली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असावी लागते. ती कमी झाली तर यंत्र तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. जास्त झाली तर तो उशिरा उघडतो, खडखडतो आणि शक्ती कमी होते. पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. तो अडखळा बोटांनाच कळतो. घरी चहाचा कप जागेवर न ठेवणारा हा मुलगा ती पट्टी पुसून तिच्या घरात ठेवीत होता. समज द्यायचे शब्द माझ्या ओठांवरच राहिले.

दोन दिवसांनी मी त्यांच्यासमवेत पीथमपुरास गेलो. हे गाव धार जिल्ह्यात, कारखान्यांनी गजबजलेले. मोटारींच्या कसोटीसाठी तेथे मोठे केंद्र उभारलेले आहे. २०२१ साली खुला झालेला त्याचा ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग वेगवान गाड्यांसाठीच बांधला आहे. मुलांची शर्यत मात्र धुळीच्या, खाचखळग्यांच्या वाटेवर, सलग चार तास.

तिसऱ्या तासाला आमची गाडी धापा टाकू लागली आणि थांबली. मुलांनी ती ढकलत आणली. कोणी कार्ब्युरेटर उघडा म्हणे, कोणी ठिणगीचा प्लग बदला म्हणे. भाच्याने आधी हवेची गाळणी काढली. माळव्याची धूळ तिच्यात गच्च बसली होती. यंत्राला श्वासच मिळत नव्हता. नवी गाळणी बसवली, दोरी ओढली, आणि यंत्र पुन्हा बोलू लागले. क्रमांक आला नाही. पण चार तास संपले तेव्हा गाडी चालत होती.

परतीच्या बसमध्ये तो आपणहून म्हणाला, “मामा, बाबांनी तुम्हांला कशाला पाठवलं ते मला ठाऊक आहे. दोन्ही पेपर मी देतो. शेड मात्र सोडायला सांगू नका.” मी काहीच सांगितले नाही.

ग्वाल्हेरला उतरलो तर भावोजी फलाटावर उभे. पेपरांविषयी विचारणार म्हणून मी मनात उत्तर जुळवीत होतो. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, चार पावले मुकाट चालले, आणि हळूच विचारले, “गाडी शेवटपर्यंत चालली का हो?”