साठ-चाळीसचा हिशेब

अमेरिकेत, मिसुरी राज्याच्या दक्षिणेस, ओझार्कच्या डोंगराळ मुलुखात करंट नावाची जी झऱ्यांवर पोसलेली निर्मळ नदी वाहते, आणि जी १९६४ च्या कायद्यान्वये जॅक्स फोर्क या आपल्या उपनदीसह संरक्षित झाली, तिच्या काठी होड्यांची यंत्रे दुरुस्त करण्यात माझ्या हयातीचा उत्तरार्ध गेला. तेथील नावाड्यांच्या तोंडून प्रथम जो शब्द माझ्या कानी पडला तो 'साठ-चाळीस'. यंत्राच्या माथ्यावर साठ अश्वशक्ती जन्मास येते, परंतु जेटच्या मुखाशी चाळीसच उरते, हा त्याचा अर्थ. उरलेली वीस कोठे गेली, अशी विचारणा झाल्यास मी सांगतो, की पाण्यात उघडा फिरणारा पंखा जेटला नसतो. बंदिस्त कवचातील चक्र तळाच्या जाळीतून पाणी ओढून मागे फेकते, आणि या ओढाताणीत सुमारे तृतीयांश शक्ती खर्ची पडते. गोट्यांनी भरलेल्या उथळ पात्रातून पंखा न फोडता जाण्याची जी मुभा मिळते, तिच्यापोटी भरलेला हा सारा समजावा.

हा सारा हिशेबात न धरल्यामुळे मी स्वतः फसलो. सोळा फुटी सपाट तळाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या होडीस मी माथ्यावर चाळीस अश्वशक्तीचे यंत्र बसविले. एका मित्रासह ती पाण्यावर तरंगत धावली, म्हणून मी निश्चिंत झालो. पुढे पुण्याहून आलेल्या भावाला व वहिनींना त्याच होडीत बसविले, तेव्हा नाळ आकाशाकडे, मागची फळी पाण्यात, आणि फेऱ्यांचा काटा मात्र आपल्या कमाल आकड्यावर निर्लज्जपणे स्थिर! पंख्याच्या यंत्रावर भार वाढला की फेरे घटतात व तक्रार तत्काळ कळते. जेटचे चक्र होडी धावो वा रखडो, जवळजवळ तितकेच फिरते, त्यामुळे काट्याची साक्ष येथे ग्राह्य नाही. शिवाय पंख्याचा पीच, म्हणजे पात्यांचा पेच, बदलून चूक मागाहून दुरुस्त करता येते, तसा उपायही येथे नाही.

आणि खरी गोम पुढे आहे. पृष्ठावर न चढलेली होडी खोल बुडून चालते, तिची जाळी तळाच्या वाळूशी येते, खडे आत जाऊन चक्राच्या धारा बोथट होतात आणि ओढ आणखी घटते. म्हणजे उथळ पाण्यासाठी घेतलेले यंत्र अशक्त असले तर नेमके उथळ पाण्यातच घात करते. उलट अवाजवी मोठे यंत्र मागची फळी दाबते, आणि होडीवर ठोकलेल्या पट्टीवरील वजनाची व अश्वशक्तीची मर्यादाही मोडते, हे विसरता कामा नये.

म्हणून होडीचे, यंत्राचे, इंधनाचे, बॅटरीचे व माणसांचे वजन कागदावर मांडल्यावाचून मी आकडा सांगत नाही. वरील होडीत चौघे बसावयाचे तर एकूण भार साडेसहाशे किलोच्या घरात जातो. तेथे साठ-चाळीसच घ्यावे. नदीच्या काही पट्ट्यांत तर तीच अधिकृत कमाल मर्यादाही आहे. यास्तव दुकानात आलेल्या गिऱ्हाइकास मी प्रथम विचारतो ते यंत्राविषयी नव्हे, तर सोबत बर्फाची पेटी केवढी असते आणि पाहुणे किती येतात.