तुतारीवाला हात

मित्रांनो, एक गंमत करून पाहा. हात कोपरात दुमडून तोंडाशी न्या, घास घेतल्यासारखा. कोपर कुठं आहे? खाली, अंगाजवळच ना? आता कोपर खांद्याइतकं वर उचलून तोच घास घ्या पाहू. तुतारी फुंकणारा माणूस उभा राहतो ना, तस्सं! माझा डावा हात तोंडाशी जातो तो असाच. वेणी घालायला मानेमागेही बराचसा जातो. तान्ही होते तेव्हा मात्र तो जागचा हलतच नव्हता.

माझा जन्म अकोल्याचा. बाळ चांगलं गुटगुटीत होतं म्हणे! जन्मताना आधी डोकं बाहेर येतं, मग खांदे. माझं डोकं आलं आणि खांदा आईच्या कमरेच्या हाडामागे अडकला. अशा वेळी बाळाला काही मिनिटांत सोडवावंच लागतं, नाही तर जिवावर बेततं. त्या ताणाताणीत माझ्या मानेतल्या नसा दुखावल्या. मानेतून प्रत्येक बाजूला नसांच्या पाच मुळ्या निघतात, खांद्याशी एकमेकींत गुंततात आणि तिथून हातभर पसरतात. हात हलवायचा निरोप याच वाटेनं जातो. वाट तुटली की हात धडधाकट असूनही गप्प!

माझा हात नुसता लोंबायचा. कोपर ताठ, तळवा मागे वळलेला. आजी म्हणाली, "काहून वं माय, पोरीचा हात असा लोंबते?" न्हाऊ घालणारी बाई म्हणाली, "तेल लावून ओढून देतो, बसते जागेवर." आईनं तिला हात लावू दिला नाही, हे माझं नशीब. हाड निखळलेलंच नव्हतं, तर बसवायचं काय? उलट ओढल्यानं नसा आणखी दुखावल्या असत्या. अशा बाळाला दंडाला किंवा मनगटाला धरून उचलायचं नसतं, काखेत हात घालूनही नाही. पाठ आणि मान सावरून उचलायचं.

अमरावती माझं आजोळ. तिथं व्यायामोपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आईला एक पट्टी दाखवली आणि तिच्यावरची सगळ्यात बारीक रेघ दाखवली. दुखावलेली नस पुन्हा वाढते, पण दिवसाला साधारण एवढीच, एक मिलिमीटर! महिन्याला जेमतेम तीन सेंटिमीटर. मानेपासून दंडापर्यंत पोचायला तिला काही महिने लागणारच. तेवढ्या काळात न वापरलेला खांदा गंजलेल्या कडीसारखा आखडतो. मग नस पोचली तरी हात उचलणार कसा? व्यायाम करायचा तो यासाठी. व्यायामानं नस लवकर वाढत नाही बरं का! सांधा मोकळा राहतो, एवढंच. आणि तेच फार मोठं काम आहे.

आईचा नेम असा. कोपर कमरेला टेकवून काटकोनात दुमडायचं आणि मनगट हळूहळू बाहेरच्या बाजूला न्यायचं, दार उघडावं तसं. हा सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम, आणि म्हणे याच वेळी मी सगळ्यात जास्त भोकाड पसरायची. मग खांद्याचं पातं एका हातानं दाबून धरून हात कानापर्यंत वर. मग तळवा आभाळाकडे. झटका नाही, ओढाताण नाही. दर वेळी लंगोट बदलला की हे सगळं करायचं, म्हणजे विसरायला नको. (हे वाचून घरच्या बाळावर प्रयोग करू नका हं! सुरुवात कधी करायची हे डॉक्टर सांगतात, आणि हात कसा धरायचा हे शिकूनच घ्यावं लागतं.)

तुम्ही म्हणाल, इतकं साधं पूर्वी कुणाला सुचलं नाही? ऐका तर. १८५९ साली बर्लिनच्या राजवाड्यात एक राजपुत्र जन्मला, पुढे जर्मनीचा सम्राट झालेला दुसरा विल्हेल्म. पायाळू होता, त्याचा डावा हात असाच दुखावला. डॉक्टरांनी काय करावं? चांगला हात अंगाला बांधून ठेवला, विजेचे झटके दिले आणि ताज्या मारलेल्या सशाचं ऊबदार अंग त्या लुळ्या हाताभोवती गुंडाळलं! हात शेवटपर्यंत सुमारे पंधरा सेंटिमीटर आखूड राहिला. त्याचे फोटो बघा, डावा हात कुठं तलवारीच्या मुठीवर, कुठं हातमोज्यांआड. नेमकी कुठली नस दुखावते हे ड्युशेन आणि अर्ब या दोघांनी १८७२ ते १८७४ या काळात उलगडलं, तोवर हा पोरगा तेरा ते पंधरा वर्षांचा झाला होता.

१९३६ साली त्याच बर्लिनमध्ये, ऑलिंपिकच्या वेळी, आमच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं देशी खेळ करून दाखवले होते. आबांना याचा कोण अभिमान! त्यांना वाटे, पोरीला मंडळात घालावं, दंड-बैठका काढल्या की हात सुधारलाच. बाईंनी त्यांना समजावलं, की ताकद कमवायचा व्यायाम आणि सांधा मोकळा ठेवायचा व्यायाम यांत फरक आहे. ताकदीची पाळी नंतर येते, स्नायू स्वतः हलायला लागल्यावर.

ती पाळी माझ्यासाठी आली भुलाबाईत. आमच्या वऱ्हाडात मुली भुलाबाईपुढे टिपऱ्या खेळतात. टिपरी एका हातानं वाजत नाही! मैत्रिणी मुद्दाम उंच टिपरी धरायच्या, मला डावीकडून पोचावंच लागे. घरी आई पोळीची कणीक दोन्ही हातांनी मळायला लावायची. खरं सांगू? मोजून केलेल्या व्यायामाचा मला कंटाळा यायचा, टिपऱ्यांचा कधीच आला नाही. तरीही सगळं परत आलेलं नाही. डावा हात थोडा आखूड आहे आणि पूर्ण वर जात नाही.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. यातली बरीच बाळं पहिल्या काही महिन्यांत आपोआप बरी होतात, म्हणून "थांबा, येईल" असं सांगितलं जातं. पण किती थांबायचं? तीन महिन्यांचं होऊनही बाळ कोपर स्वतः दुमडत नसेल, तर नसांच्या शस्त्रक्रियेची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पायातली एक बारीक नस घेऊन ती मानेत जोडता येते, पण ते वेळेतच, साधारण पहिल्या वर्षाच्या आत करावं लागतं. नंतर स्नायू नसेची वाट पाहून थकलेले असतात. बालकांची मोफत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. अंगणवाडीत तपासणीला डॉक्टर येतात तेव्हा बाळाचा हात त्यांना आवर्जून दाखवा.

आमच्या गल्लीत अशीच एक चिमुरडी आहे. चार महिन्यांची. तिची बोटं हलतात, माझा अंगठा घट्ट धरते, पण कोपर दुमडत नाही. एका दवाखान्यात त्यांना वर्षभर वाट पाहायला सांगितलं होतं. तिच्या आईला मी एक वही दिली. रोजची तारीख, व्यायाम किती वेळा झाला, आणि हाताची काही नवी हालचाल दिसली का, एवढंच त्यात लिहायचं. सोमवारी ते सगळे नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे निघालेत. वहीची एकवीस पानं भरली आहेत.