खाजणातली फेअरबँकिया

मुंबईच्या शंख-शिंपल्यांवर लेख द्यावा, अशी संपादकांची आज्ञा झाली त्याच सुमारास खाडीकाठच्या एका प्रकल्पाचा पर्यावरण-अहवाल माझ्या वाचनात आला, आणि तेथील चिखलातल्या यच्चयावत मृदुकाय प्राण्यांची वासलात 'लहान गोगलगायी' एवढ्या दोन शब्दांत लावलेली पाहून जी चुटपुट लागली ती अद्याप गेलेली नाही. गिरगाव-दादरच्या सुशिक्षित घरांतूनही शंख म्हणजे देव्हाऱ्यातला आणि शिंपल्या म्हणजे बाजारातल्या तिसऱ्यांच्या, याहून अधिक ओळख सहसा आढळत नाही. या शास्त्राचा काही भाग आपल्या मराठी मुलखात घडला, हे तर कोणाच्या गावीही नसते.

रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक हे त्या इतिहासातले एक नाव. १८२२ साली अमेरिकेतील कनेटिकट येथे जन्मलेले हे पाद्रीसाहेब अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी १८४६ मध्ये इकडे आले आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नगर जिल्ह्यात, विशेषतः नेवासे तालुक्यातील वडाळ्यास गेला. हुद्दा धर्मोपदेशकाचा, प्राणिशास्त्र हा केवळ फावल्या वेळेचा व्यासंग. तरीही खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव व नगर या भागांतील पक्ष्यांची त्यांची यादी ह्यूमसाहेबांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८७६ साली छापली गेली, आणि दक्षिणेतील पळणी डोंगरांतल्या एका पक्ष्याला त्यांचेच नाव मिळाले. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली ती १८८३ साली, डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासह आठ गृहस्थांच्या पुढाकाराने. त्यापूर्वीच्या संग्राहकाला जवळ ना संस्था, ना तुलनेसाठी नमुने, अशा स्थितीत दूरच्या जाणकारांवरच भिस्त ठेवावी लागे.

असे एक जाणकार म्हणजे विल्यम ब्लॅनफर्ड. भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या नोकरीत दख्खनचा कातळ तपासता तपासता त्यांनी गोगलगायींचाही अभ्यास केला, आणि १८६८ मध्ये एका खाडीवासी चिमुकल्या गोगलगायीचे वर्णन करताना प्रजातीला फेअरबँकिया व जातीला बॉम्बेयाना असे नाव दिले. भिंगाखाली धरावी तर कवचाचे वेढे चढत गेलेले, मुखाची कड जाडसर आणि त्या मुखावर शिंगाच्या द्रव्याचे पातळ झाकण, एवढे ध्यानात येते. नुसत्या डोळ्यांना मात्र तो जीव म्हणजे चिखलाचा एक कण.

या प्रजातीचा जुना तंटा येथे थोडा विस्ताराने सांगितल्यावाचून मला राहवत नाही. ब्लॅनफर्ड यांनीच १८६७ साली इरावती नदीच्या मुखाकडील नमुन्यांवरून इरावाडिया ही प्रजाती स्थापन केली होती. फेअरबँकिया ही तिचीच पोटशाखा, असे मानून काही शास्त्रज्ञ तिचे नाव कंसात लिहितात. काही तिला स्वतंत्र मानतात. माझा कौल स्वतंत्रतेकडे आहे. परंतु केवळ कवचावरून असा निवाडा करणे मला मान्य नाही, कारण खाडीच्या पाण्यात कवचाचे टोक झिजते, आणि प्राण्याच्या बाल्यावस्थेचा दाखला नेमका त्या टोकातच असतो. म्हणून मऊ शरीराची रचना, जिभेवरील सूक्ष्म दातांची पट्टी आणि आता जनुके यांची साक्ष घेणे प्राप्त होते, आणि त्यासाठी मूळ ठिकाणचे ताजे प्राणी हवेत. ते मूळ ठिकाण कोणते? जुन्या चिठ्ठ्यांवरील 'बॉम्बे' म्हणजे कधी हे बेट, कधी सबंध इलाखा! खाडीतला जीव असल्याने घाटमाथा वगळता येतो, इतकेच. दरम्यान माझगाव-शिवडीचा किनारा बंदराच्या भरावाने पार पालटला आहे, आणि ज्या चिखलातून पहिला नमुना निघाला तो आज गोदामाखाली असेल, ही शंका मला फार अस्वस्थ करते.

म्हणूनच त्या अहवालाचा मला विषाद वाटतो. तिवरांच्या मुळांशी जे सापडले ते मद्यार्कात ठेवून, सोबत जागा, तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि वेचणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घातली असती, तर नाव न ओळखणाऱ्या माणसाच्या हातूनही तो नमुना उपयोगी पडला असता.